एक मिलिमीटरचा कासरा

लाकडाच्या बैलाचं सगळं जमतं, दोर जमत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे विदर्भात तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खरे बैल तोरणाखालून गेलेले असतात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल निघतात. पायांखाली चाकं, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. पोरं बैल ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. नोकरी संपवून तिवस्याला परत राहायला आलो तेव्हापासून दर वर्षी मी त्या दिवशी ओट्यावर बसून हे बैल पाहतो. काही फार चांगले असतात. वशिंड नेमकं उतरलेलं, गळ्याखालची पोळी लोंबती, मागचे पाय खऱ्या बैलासारखे किंचित आत वळलेले. आणि एवढ्या सगळ्यावर नाकात निळी नायलॉनची दोरी, नाहीतर राखीचा उरलेला जरीचा दोरा. बैल पुन्हा खेळणं होऊन जातो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. नातीला म्हणून एक जोडी कोरली, मग जोडीला बंडी हवी म्हणून बंडी केली, आणि मग ते नातीचं राहिलं नाही, माझंच झालं. माप धरलं एकास बारा. खऱ्यातला एक फूट म्हणजे माझा एक इंच. आमच्या घरचे बैल गवळाऊ होते, वर्धेकडचे, पांढरे, अंगानं हलके. सव्वाचार फुटांचा बैल सव्वाचार इंचांचा झाला. चाकाला बाभूळ, धावेला तेलाच्या डब्याची पट्टी, साटीला सागाच्या फळीचे तुकडे. हे सगळं मेहनतीचं होतं पण अवघड नव्हतं. लाकूड लहान करता येतं. पत्रा लहान करता येतो. मग दोरापाशी आलो आणि तिथं चार महिने गेले.

बंडीला किती दोर लागतो हे बंडी करायला घेतल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक बैलाला वेसण, म्होरकी, आणि वेसणीपासून हाकणाऱ्याच्या हातापर्यंत येणारा कासरा. जू बांधायला दोर. मानेखालून जाणारी जोती. उभाऱ्यांना तट्टे बांधायला दोर. कापूस भरला की वरून आवळायला लांबलचक दोर, तो साटीखालून फिरवून पुन्हा वर. शिवाय बैल सोडल्यावर बांधायला दावी. माझ्या लहानपणीच्या बंडीत जेवढा लोखंडाचा खिळा नव्हता तेवढ्या दोराच्या गाठी होत्या.

सुतळी सगळ्यांच्या घरात असते, म्हणून सगळे आधी सुतळीकडे जातात. किराण्याच्या पुड्याची बारीक सुतळी घेतली, तिचा एक पेड सुटा केला, तो बैलाच्या गळ्यात घातला की लगेच दिसतं काय बिघडतंय ते. सुतळीला केस असतात. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. सुतळीतून बाहेर आलेला तेवढाच एक केस माझ्या मापात बारापट होतो, म्हणजे जवळपास एक मिलिमीटर. खऱ्या बैलाच्या कासऱ्यातून मिलिमीटर जाडीच्या काड्या चहूबाजूंनी बाहेर आल्यात असं कल्पून पाहा. बाभळीची फांदी ओढत नेतोय असं वाटेल. दोराचं लहान रूप करताना नेमकी अडचण इथं आहे: आकार लहान करता येतो, तंतू लहान करता येत नाही. तंतू जेवढा आहे तेवढाच राहतो.

म्हणून अंबाडीसारखं दिसायला अंबाडी चालत नाही. मी तेही करून पाहिलं. जुन्या दाव्याचा एक तुकडा घरात होता, त्यातले तंतू कंगव्यानं विंचरून सगळ्यात बारीक तेवढे वेगळे काढले आणि वळले. कासऱ्याच्या ऐवजी झाडूची काडी झाली, ताठ आणि केसाळ. आणि कापूस, जो आमच्या शेतात पिकतो आणि ज्याचा कासरा आमच्या घरी कधी नव्हता, तो मात्र या मापात अंबाडीचं सोंग बरोबर वठवतो. त्याचा तंतू इतका बारीक आहे की बारापट करूनही दोरावरची लव वाटतो.

तर शिवणाचा सुती दोरा. चकचकीत पॉलिस्टरचा नाही, तो उन्हात चमकतो आणि चमक लहान करता येत नाही. साधा, मंद, पांढरा सुती दोरा. तीन पदरी करून नुसता पिळला की दोर होईल असं वाटतं. होतोही. पण मी भिंतीवर टांगलेल्या जुन्या कासऱ्याशेजारी तो धरला तर पीळ उलटा. कासरा उभा धरला तर त्याच्यावरच्या तिरप्या रेघा डावीकडून खालून उजवीकडे वर जात होत्या. माझ्या दोऱ्याच्या रेघा उजवीकडून खालून डावीकडे वर. लांबून कोणाला कळणार, असं हिनं म्हटलं. हिला कळलं होतं, हे मी दाखवून दिलं.

कारण समजलं ते पुढे, पण आत्ताच सांगून टाकतो. दोर म्हणजे एकमेकांविरुद्ध लावलेले पीळ. तंतू एका दिशेनं पिळून सूत करायचं. त्या सुतांना उलट दिशेनं पिळून पेड करायचा. तीन पेड पुन्हा उलट दिशेनं, म्हणजे पहिल्याच दिशेनं, पिळून दोर. सूत उलगडायला बघतं तेव्हा पेड घट्ट होतो, पेड उलगडायला बघतो तेव्हा दोर घट्ट होतो. कोणीच सुटत नाही, कारण प्रत्येकाची सुटण्याची धडपड शेजाऱ्याला आवळते. दुकानातल्या शिवणाच्या दोऱ्याचा वरचा पीळ बहुधा उजवा असतो. असे तीन दोरे एकत्र वळायचे तर डावाच पीळ द्यावा लागतो, उजवा दिला तर ते आखडतात आणि जागोजागी वेटोळी पडतात. म्हणजे तीन दोऱ्यांचा डावा दोर होतो. उजवा दोर हवा असेल तर एक पायरी जास्त हवी: तीन-तीन दोऱ्यांचे डावे पेड तीन करायचे आणि मग त्या तिन्हींना उजवा पीळ द्यायचा. नऊ दोरे. कितीही लहान करा, पायरी गाळता येत नाही.

आमच्या गावात दोर वळणारे आता एकच आहेत, आणि तेही वळत नाहीत. वय ऐंशीच्या आसपास. मी त्यांना आबाजी म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. त्यांचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला, मातंग वस्तीत. भिंतीवरचा तो कासरा बहुधा त्यांच्याच वडिलांच्या हातचा. मी माझा एक मिलिमीटरचा डावा दोर डबीत घालून त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, दोर उजेडाकडे धरला, दोन्ही हातांच्या चिमटीत पकडून आत ढकलला. असं ढकललं की पेड एकमेकांपासून फुगून वेगळे दिसतात. माझा दोर फुगला आणि तसाच राहिला, परत मिटला नाही.

"याच्यात बळ नाई मास्तर," ते म्हणाले. "पेडाले पीळच नाई देल्ला तुम्ही. दोर पिळला, पेड नाई पिळला."

मग त्यांनी बसल्या जागी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं, माझ्याकडचा दोरा घेतला, आणि मांडीवर तळहातानं सरकवून पेड वळून दाखवला. एक तळहात पुढे, दोरा गोल फिरतो. तोच तळहात मागे येताना दोन पेड एकमेकांवर चढतात. एकाच हालचालीत दोन्ही पीळ. ऐंशी वर्षांच्या हातात माझ्या शिवणाच्या दोऱ्याचा पेड. मला तो दिसतही नव्हता, त्यांना तो लागत होता.

अंबाडीचं काम त्यांनी त्या दिवशी सांगितलं, ते आमच्या घरातही निम्मं माहीत होतं. जुन्या वऱ्हाडात ज्वारी-कपाशीच्या वावरात अंबाडीचे तास असत. कोवळा पाला भाजीला. पुढे झाड उंच गेलं की कापायचं, पेंढ्या बांधायच्या, नाल्याच्या साचल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दहा-पंधरा दिवसांत साल सडून सुटते. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. तो वाख. उरलेल्या पांढऱ्या काड्या चूल पेटवायला. भाजी आमच्या घरी यायची आणि वाळल्या काड्याही यायच्या. सडक्या पाण्यातला मधला भाग आबाजींच्या घराकडे होता. माझ्या अंबाडीच्या आठवणीत म्हणूनच भाकरी आणि कण्या आहेत, वास नाही.

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. तक्रार त्यांच्या मुलानं केली.

मुलगा चाळिशीचा. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात सुताच्या विभागात आहे. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो साप्ताहिक सुट्टीवर घरी होता. बापाच्या मांडीवरचा दोरा पाहून तो जरा वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "सर, एक विचारू? हे तुम्हाला कशाला हवं?"

मी बंडीचं सांगितलं, मापाचं सांगितलं.

"तुमचा छंद आहे, ठीक आहे," तो म्हणाला. "यांचा छंद नव्हता. खळं झालं की शेवटी बोलवायचे. तोवर सगळ्यांचं मोजून व्हायचं. वर्षभर कासरे, दावी, मोटेचा नाडा, सगळं यांनी द्यायचं, आणि खळ्यात राहिलेलं झाडून यांनी न्यायचं. तुमच्याकडेही असंच होतं. मी लहान होतो, पण मला आठवतं."

आमच्याकडेही असंच होतं. मला वेगळं काही आठवत नाही. त्रि. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही सगळी देण्याघेण्याची व्यवस्था तपशिलानं मांडलेली आहे. गावाला दोरखंड पुरवायचे ते मांगानं, आणि घ्यायचं ते धान्यात, आपल्या पायरीप्रमाणे. पुस्तकात ती व्यवस्था दिसते, खळ्यावरच्या रांगेत कोण शेवटी उभा होता ते त्याच्या मुलाला विचारावं लागतं. शाळांच्या प्रदर्शनांत मी पुष्कळ वर्षं बारा बलुतेदारांची मातीची चित्रं पाहिली, परीक्षकही होतो. कुंभाराला चाक असतं, लोहाराला भाता, सुताराला वाकस. मी पाहिलेल्यांत दोर वळणारा माणूस एकदाही नव्हता. मांग असलाच तर हातात डफडं. आणि प्रत्येक देखाव्यात बैल दोरानं बांधलेला होता.

मुलाला माझ्या डबीतल्या दोरात मात्र गोडी वाटली, आणि ती त्याला लपवता आली नाही. त्यानं तो हातात घेतला आणि म्हणाला, "हा एस आहे. तुम्हाला झेड पाहिजे." मला काही कळेना. कारखान्यात पिळाला अशी नावं आहेत. इंग्रजी एस अक्षराची मधली रेघ जिकडे झुकते तिकडे पीळ असेल तर एस, झेडसारखा असेल तर झेड. आणि एका इंचात किती पीळ, याचा आकडा प्रत्येक सुतासाठी ठरलेला असतो. आकडा कमी पडला तर सूत तुटतं, जास्त झाला तर आखडतं. तीन पायऱ्यांचं वर जे सांगितलं ते मला त्यानं समजावून दिलं, एका जुन्या पावतीच्या मागे रेघा ओढून. बाप बाजूला बसून ऐकत होता. बापाला आकडा माहीत नव्हता, मुलाला मांडीवर वळता येत नव्हतं, आणि दोघेही एकच गोष्ट सांगत होते. बळ नाही, हे बापाचं म्हणणं. पेडाला पीळ कमी, हे मुलाचं.

मांडीवर वळणं मला जमणार नव्हतं, त्याला लहानपण तिथं जावं लागतं. मी घरात काय आहे ते शोधलं. वडिलांची पितळी टकळी सापडली. वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची कल्पना मांडली गेली, त्यानंतर आमच्या भागातल्या कित्येक शाळांत पोरं टकळीवर सूत काढत. वडील त्यातले. टकळीची चकती चांगली जड असते, अंगठा आणि मधल्या बोटानं फिरवली की बराच वेळ फिरते. सूत काढायचं नाही, तयार दोऱ्याला पीळ भरायचा आहे, त्याला यापेक्षा बरं साधन नाही.

पद्धत अशी बसली. दाराच्या चौकटीला वर तीन खिळे. प्रत्येक खिळ्याला तीन दोरे एकत्र, खाली टकळी, आणि टकळी डावीकडे फिरवत राहायची. दोरे आखडत वर येतात. किती फिरवायचं? टकळी हातानं जराशी उचलली, ताण सैल केला, आणि पेड स्वतःभोवती वेटोळं घालू लागला की पुरे. असे तीन पेड झाले की तिन्हींची टोकं एका कोटाच्या बटणाच्या तीन भोकांतून काढायची, चौथं भोक रिकामं, आणि बटणाखाली एकत्र बांधून त्यांना एक छोटं कुलूप अडकवायचं. मग कुलूप सोडून द्यायचं.

ते आपोआप फिरतं. पेडांत भरलेला डावा पीळ सुटायला बघतो आणि सुटता सुटता तिघांना उजवीकडे गुंडाळतो. बटण त्यांना लवकर एकत्र येऊ देत नाही. खालून दोर तयार होत जातो तसं बटण हळूहळू वर सरकवायचं, एका हातानं. नात पहिल्यांदा पाहायला आली तेव्हा तिनं विचारलं, कुलूप कोण फिरवतंय. कोणी नाही. आधी जे फिरवलं तेच परत येतंय. शेवटी कुलूप थांबतं आणि जरासं उलटंही फिरतं. तिथं दोर पुरा झाला. आता तो टेबलावर सोडला तरी उलगडत नाही. हा दोर मी डबीत घालून नेला तेव्हा आबाजींनी तो आत ढकलला, फुगवला, सोडला, आणि तो मिटला. तरी लगेच काही बोलले नाहीत. बोटांवरून फिरवला, गालाला लावला.

"डोयाले अंबाडी दिसते," म्हणाले, "हाताले कापूस लागते."

लांबीचा हिशेब लक्षात ठेवावा लागतो. वळताना दोर आखडतो. सात फुटांच्या पेडांतून मला पाच फूट आणि वर थोडा मिळतो. आणि वळायच्या जागेपेक्षा लांब दोर एका सलगीनं होत नाही. इंग्लंडात चॅथमच्या गोदीत जहाजांचे दोर वळायला १७८६ ते १७९१ मध्ये जी इमारत बांधली ती यामुळेच पाव मैल लांब आहे, आणि तिथं अजून दोर वळतात. मुंबईत काळा घोड्याजवळच्या रोपवॉक लेनचं नाव त्याच धंद्यावरून. आबाजी आणि त्यांचे भाऊ मोटेचा नाडा वळायचे तो गावाबाहेरच्या रस्त्यावर, दोन निंबांच्या मध्ये. बंडी आली की दोर खाली दाबून धरायचे, बंडी वरून जायची, मग पुन्हा ताणायचे. माझी सात फुटांची दाराची चौकट म्हणजे एकास बाराच्या मापात चौऱ्याऐंशी फुटांचा रस्ता. कासऱ्याला पुष्कळ झाला.

जाडी मोजायला काही विकत आणू नका. पेन्सिलीवर दोर शेजारी शेजारी गुंडाळायचा आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजायचं. दहा बसले तर एक मिलिमीटर, खऱ्यात बारा मिलिमीटरचा कासरा. सोळा बसले की वेसणीला ठीक.

रंगाचं थोडक्यात सांगतो. सगळे चहा सांगतात. नुसत्या चहानं तांबूस रंग येतो, तो काथ्याचा, कोकणातल्या होडीला शोभेल. नवी अंबाडी फिकी पिवळसर आणि वापरलेली करडी असते. फिक्या, जेमतेम रंगाच्या चहात एक गंजका खिळा रात्रभर ठेवला की पाणी काळपट होतं, हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून शाई करायचे तेच. त्यात दोर दोन मिनिटं. जास्त नाही, कारण ही शाई हळूहळू सूत खाते. जुन्या पोथ्यांचे कागद अक्षरांच्या जागीच फाटलेले असतात ते तिच्यामुळे. वेसणीचा नाकाजवळचा भाग खऱ्यात तेलानं आणि बैलाच्या लाळेनं काळा झालेला असतो. तिथं एक थेंब खोबरेल, बस. उरलेली लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून झपकन दोर नेऊन जाळायची. गिरणीतही गॅसच्या ज्योतीवरून सूत नेतात, हेही मला आबाजींच्या मुलानंच सांगितलं. एकदा एक तुकडा थाळीत पूर्ण जाळून पाहिला. म्हणीत म्हणतात ते खरं आहे, राखेत पीळ दिसतो. बोट लावेपर्यंत.

राहिला प्रश्न लोंबण्याचा, आणि हा मला अजून पुरता सुटलेला नाही. खरा कासरा बैलाच्या नाकापासून हाकणाऱ्याच्या हातापर्यंत झोळ खाऊन येतो. तो झोळ त्याच्या वजनाचा असतो. एकास बारा केलं की लांबी बारापट कमी होते, पण वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे सतराशे अठ्ठावीस पट कमी. दोराचा ताठपणा तेवढा कमी होत नाही. म्हणून लहान दोर लोंबत नाही, हवेत अधांतरी वाकडातिकडा उभा राहतो, जणू बैल आणि माणूस काडी धरून आहेत. बंद पडलेल्या मोबाईल चार्जरची वायर सोलून आतली केसासारखी तांब्याची तार काढायची, ती तीन पेडांच्या मधोमध घालून दोर वळायचा, आणि मग बोटांनी झोळ द्यायचा. दिसायला हुबेहूब. पण हात लावला की कळतं, हा दोर ओढला जात नाही, वाकवला जातो. वेसण आणि गाठी मी तारेशिवाय करतो, लांब कासऱ्याला तेवढी तार घालतो. आबाजींना तारेचं सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका शाळेनं प्रदर्शनासाठी बंडी मागितली. सोबत एक पाटी हवी होती, कोणत्या कारागिराचं काय काम ते लिहिलेली. सुतार, लोहार, बुरूड लिहून झालं. दोरासाठी मी आबाजींना विचारलं, तुमचं नाव घालू का. त्यांनी मान हलवली आणि वर म्हणाले, माझ्या बापाचंही घाला, कासरा त्याचा होता. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, नाव घाला सर, जात नका घालू. मग जरा थांबून म्हणाला, नाव घातलं की गावात जात कळतेच, नाही का? मी काही बोललो नाही. तो म्हणाला, थांबा, घरी बोलून सांगतो.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. त्यानं स्वतःच ओळ तयार केली होती, आणि ती तशीच लिहावी असं सांगितलं. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, त्यापुढे "दोर वळणारे, तिवसा", आणि खाली एक जास्तीची ओळ: "तीन पेडी, उजवा पीळ, एका सेंटिमीटरला दहा पेड." शेवटचा आकडा त्यानं माझ्या दोरावर मोजून घेतला होता. पाटीवर बाकी कुणापुढे आकडा नव्हता. एका शिक्षकानं विचारलंही, सुताराचं माप का नाही. मी म्हटलं, त्यानं दिलं नाही.

आबाजी प्रदर्शनाला आले. बंडी काचेखाली होती, हात लावता येत नव्हता, त्यामुळे त्यांनी फार वेळ थांबण्यासारखं काही नव्हतं. पाटी त्यांनी नातवाकडून वाचून घेतली, दोनदा. जाताना म्हणाले, मोट करा आता. मोटेला दोन दोर लागतात, नाडा जाड आणि सोंदूर बारीक, आणि दोघांची लांबी चुकली तर मोट वाटेतच रिकामी होते नाहीतर रिकामीच होत नाही. नाडा चार पेडी असायचा की तीन पेडी, यावर त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं एकमत नाही. भाऊ आर्वीला असतो, नदीपलीकडे. विचारायला जायचं आहे.

मोटेचा नाडा माझ्या मापात तीन मिलिमीटरहून जाड होतो. एवढ्या जाडीत मात्र कापसाचं सोंग उघडं पडतं, तिथं खरी अंबाडी चालेल असं वाटतं. म्हणून जूनमध्ये पहिल्या पावसावर धुऱ्याकडेनं अंबाडीचे दोन तास टाकले आहेत. कमरेपर्यंत आली आहे. ही रोज संध्याकाळी शेंडे खुडून भाजीला नेते. आबाजींचं म्हणणं, शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात आणि वाख तुटका निघतो, दोरासाठी ठेवायची ती खुडायची नसते. मी एका तासाला लाल चिंधी बांधून ठेवली आहे, आणि त्या तासातलीही भाजी काल जेवणात होती.